गॅरेज गेलं, तेलकट जमीन राहिली: झाडं लावून माती साफ होते का?

चाफा_भांडुप

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी भांडुप पश्चिमेला, एलबीएस रोडवरून जरा आत. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात अनेक वर्षं रिक्षा-टेम्पोचं गॅरेज होतं. जागेचा वाद मिटला आणि गेल्या वर्षी ते उठलं. साधारण बाराशे चौरस फुटांचा तुकडा मोकळा झालाय. तिथे मुलांसाठी बाग करायची असं सभेत ठरलं.

अडचण मातीची आहे. वरचा थर काळा आणि हाताला चिकट लागतो. झारीने पाणी घातलं तर ते जिरत नाही, वरच्या वर पसरतं आणि उताराकडे निघून जातं. ऊन चढलं की डिझेलचा वास येतो. कडेला कण्हेर आणि तगर लावून पाहिली, दोन्ही पिवळी पडून गेली. हरळी मात्र भिंतीकडेच्या पट्ट्यात कुणी न लावता आली आहे.

कंत्राटदाराचं म्हणणं, सरळ पेव्हर ब्लॉक टाका. कमिटीतले काहीजण म्हणतात दीड फूट माती उचलून डंपरने बाहेर पाठवू आणि लाल माती आणू. बाहेर म्हणजे कुठे, याचं उत्तर कुणाकडे नाही. दुसऱ्याच्या दारात किंवा खाडीत आपली घाण टाकून बाग करणं मला मान्य नाही. तेल शोषणारी झाडं असतात असं वाचलंय. कुणाला प्रत्यक्ष माहिती आहे का? पाऊस तोंडावर आलाय, म्हणून लवकर विचारते.

हिशेबी

ताई, तेल शोषणाऱ्या झाडांचं हे सगळं वाचायला छान वाटतं. पण झाडांच्या भरवशावर बाराशे फुटांसाठी दोन-तीन वर्षं थांबायला कोण तयार होणार? मुलं तोवर मोठी होतील. मी कमिटीत असतो तर माती उचलायलाच सांगितलं असतं.

काळी_कसदार

चाफाताई, माती साफ होते. पण कशी होते हे आधी समजून घ्या, नाहीतर रोपांवर पैसे जातील आणि जमीन तशीच राहील. मी मृदाशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितोय.

झाड तेल पीत नाही. इंजिन ऑइलचे रेणू मोठे आणि पाण्यात न विरघळणारे असतात, ते मुळाच्या आत जवळजवळ शिरतच नाहीत. फार तर मुळाच्या सालीला चिकटतात. तेल खातात ते मातीतले जिवाणू आणि बुरशी. प्रत्येक मातीत ते थोडेफार असतातच, आणि जिथे वर्षानुवर्षं तेल सांडलंय तिथे तर तेल पचवणाऱ्या जातीच टिकून राहिलेल्या असतात. मग झाड कशाला लावायचं? कारण मूळ वाढताना साखर, आम्लं, प्रथिनं असं बरंच काही मातीत पाझरत असतं. त्यावर मुळालगतच्या मिलिमीटरभर थरात जिवाणूंची संख्या बाकीच्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. मुळं माती फोडतात, जुनी मुळं कुजली की त्यांच्या जागी पोकळ्या राहतात, त्यातून हवा खाली जाते. तेलाचं विघटन व्हायला प्राणवायू लागतो. हवा नसेल तर काम जवळपास थांबतं.

तुमची कण्हेर का गेली तेही यातच आलं. तेलात वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतो, नत्र जवळपास नाहीच. जिवाणूंना वाढायला दोन्ही लागतं. मग मातीत असलेला नत्र ते आधी उचलतात आणि झाड उपाशी राहतं, पानं पिवळी पडतात. त्यात माती पाणी धरत नाही, म्हणजे झाड तहानलेलंही. शोभेची झाडं अशा जागी पहिल्या वर्षी लावूच नयेत.

गवत लावा. तंतुमुळं असलेलं दाट गवत या कामाला सर्वांत चांगलं, कारण एका घनफूट मातीत मुळांचा जेवढा पृष्ठभाग गवत देतं तेवढा झुडूप देत नाही. हरळी आपणहून आलीय ना? तिला हात लावू नका, तीच वाढवा. तेलकट जमिनीत हरळी तग धरते हे जगभर बऱ्याच ठिकाणी तपासलं गेलंय. जोडीला वाळा. चांगल्या मातीत वाळ्याची मुळं तीन मीटरपर्यंत खाली जातात. मुंबईच्या भरावात आणि मुरमात तेवढी जाणार नाहीत, तरी हरळीच्या मुळांच्या खालचा थर वाळाच गाठेल. मध्ये धैंचा किंवा चवळीसारखं द्विदल पेरलंत तर ते हवेतला नत्र मातीत आणतं.

आता मर्यादा. डिझेलसारखं हलकं तेल काही महिन्यांत बरंच कमी होतं, त्यातलं काही उडूनही जातं. इंजिन ऑइलला दोन-तीन पावसाळे सहज लागतात, आणि सगळ्यांत जड भाग त्यानंतरही थोडा उरतो. मुळं पोचत नाहीत तिथे गवताचा उपयोग नाही. आणि धातू. जिवाणू तेलाचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करू शकतात, पण शिसं हे शिसंच राहतं. बाग मुलांची आहे, म्हणून हे सर्वांत महत्त्वाचं.

दहाबाराचा_पाना

मी कुर्ल्याला गॅरेजमध्ये हयात काढली, म्हणून लिहितो. जळकं ऑइल पूर्वी कुणी जपून ठेवत नव्हतं. थोडं सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला लोक न्यायचे, थोडं गावी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जायचं, बाकी जमिनीवर. सांडलं की वर भुसा टाकायचा आणि तो भुसा पायाने तिथेच दाबला जायचा. ताई, तुमच्या मातीचा वरचा थर बघा, त्यात कुजलेला भुसा आणि हात पुसायच्या सुती चोथ्याचे धागे सापडतील.

दुसरं, बॅटऱ्या. जुन्या गॅरेजात बॅटरी खोलायचे, ॲसिड जमिनीवर ओतायचे. शिसं तिथून येतं. शिवाय २००० सालापर्यंत आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल चालायचं, त्या काळातलं जळकं ऑइलही शिसंवालंच. गॅरेज त्याआधीपासूनचं असेल तर काळी_कसदार सर म्हणतात ते तपासाच.

आणि एक विचारतो. तिथे सर्व्हिसिंगचा पिट होता का? गाडीखाली उतरायचा खड्डा. गॅरेज उठवताना तो कुणी रिकामा करत नाही, डेब्रिज टाकून वरून फरशी मारतात. आत तळाला ऑइल तसंच राहतं.

चाफा_भांडुप

पाना दादा, पिटचं मला माहीत नाही. आमच्या जुन्या वॉचमन काकांना विचारते.

शिफ्ट_इंजिनियर

चांगला धागा. चेंबूर-माहुलच्या रिफायनरी पट्ट्यात नोकरी झाली, त्यामुळे तेलाचा गाळ आयुष्यभर बघितला. टाक्यांच्या तळाशी जो गाळ साचतो त्याचं काय करायचं हा तेल शुद्धीकरणातला जुना प्रश्न. दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेने त्यासाठी 'ऑइलझॅपर' नावाचं जिवाणूंचं मिश्रण तयार केलं. कणसाच्या चुऱ्यासारख्या वाहकावर बसवलेले जिवाणू असतात, ते गाळात मिसळायचे, नत्र-स्फुरद द्यायचं, ओल ठेवायची आणि माती उलटीपालटी करत राहायची. देशातल्या बऱ्याच रिफायनऱ्यांत ते वापरलं गेलंय. २०१० साली मुंबईजवळ जहाजातलं तेल सांडलं तेव्हाही ते इथल्या किनाऱ्यावर वापरलं होतं. हिशेबी यांच्या मुद्द्यावर म्हणेन की हे केवळ वाचायला छान असलेलं प्रकरण नाही. उद्योग यावर पैसे खर्च करतो, कारण माती उचलून जाळणं फार महाग पडतं.

सई_सूक्ष्मजीव

तेल खाणाऱ्या जिवाणूंचा विषय निघालाय तर आनंद मोहन चक्रवर्ती यांचं नाव घ्यायलाच हवं. त्यांनी स्युडोमोनास जातीच्या जिवाणूत तेलाचे वेगवेगळे घटक पचवण्याची क्षमता एकत्र आणली. सजीवावर पेटंट देता येतं का हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. एका भारतीय माणसाच्या कामामुळे हा सगळा कायदा बदलला, आणि आमच्या अभ्यासक्रमात ते जेमतेम एका ओळीत येतं.

सर, बाहेरचे जिवाणू आणून टाकले तर लवकर होईल ना?

काळी_कसदार

सई, चक्रवर्तींचा जिवाणू उघड्या जमिनीवर कधी वापरला गेला नाही, तो प्रयोगशाळेतच राहिला. ताज्या गाळात, जिथे स्थानिक जिवाणू नाहीतच, तिथे बाहेरून आणलेल्यांचा फायदा होतो. जुन्या गॅरेजच्या मातीत उपाशी का होईना, खाणारे आधीच बसलेत. त्यांना नत्र आणि हवा द्या. १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर मुख्यतः खतच टाकलं होतं आणि तिथल्याच जिवाणूंनी काम केलं.

खाडीकाठ

२०१० चा उल्लेख झाला म्हणून लिहितो. मी माहुलचा. ७ ऑगस्टला एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेलं. भर पावसाळ्यात. कंटेनरमध्ये कीटकनाशकं होती असं कळल्यावर मासळीला गिऱ्हाईक राहिलं नाही. पण मला तिवरांबद्दल, म्हणजे खाडीतल्या खारफुटीबद्दल सांगायचंय, कारण 'झाडं तेल साफ करतात' असं कुणी म्हटलं की मला तेच दिसतं.

तिवराची श्वासमुळं चिखलातून बोटभर-वीतभर वर आलेली असतात. झाड त्यातून हवा घेतं. भरतीबरोबर तेल आलं आणि ओहोटीला प्रत्येक श्वासमुळाला काळं कडं बसलं. मी हाताने पुसून पाहिलं, तेल निघालं पण खाली सालीची बारीक छिद्रं भरलेलीच होती. पुढे पानं गळाली. निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे, दिसेनाशा झाल्या. खाजणात उतरून साफ करायला जावं तर पायाने तेल आणखी खोल चिखलात जातं, त्यामुळे मोठी माणसं म्हणायची की आत जाऊच नका, भरतीला धुऊ द्या.

तर गवत तेल साफ करत असेल, तिवर नाही करत, ते मरतं. आणि भांडुपचं पाणी नाल्याने शेवटी ठाणे खाडीलाच येतं. २०२२ साली त्या खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळालाय. ताई, तुमच्या आवारातून पहिल्या पावसात जो तेलाचा तवंग वाहील तो कुठे जाणार ते बघा.

काळी_कसदार

खाडीकाठ, अगदी बरोबर, आणि त्यामागचं कारण हवाच. खाजणाच्या चिखलात वरच्या काही मिलिमीटरखाली प्राणवायू नसतो. तिथे तेल उतरलं की वर्षानुवर्षं मुरून राहतं. १९८६ साली पनामाच्या किनाऱ्यावर तेल सांडलं, तिथल्या कांदळवनाच्या चिखलातून पुढे कित्येक वर्षं ते पुन्हा पुन्हा वर येत होतं. खारफुटीला तेलापासून लांब ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं.

यातून भांडुपसाठीही एक गोष्ट निघते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सपाट जागेत पाणी साचलं तर तुमची मातीही त्या चिखलासारखीच हवेविना राहील आणि चार महिने काम ठप्प. म्हणून गादीवाफे करा, नऊ इंच ते फूटभर उंच. मध्ये चर. चराचं पाणी थेट गटारात सोडू नका, उताराच्या टोकाला खड्डा करून त्यात नारळाच्या काथ्या आणि भुसा भरा, तवंग तिथे अडेल. त्या खड्ड्याच्या कडेने वाळ्याचे ठोंब वितीवितीवर, सलग ओळीत.

हिशेबी

खताचं प्रमाण सांगाल का? 'नत्र द्या' म्हणजे किती? आकडा असेल तर कमिटीला पटवता येतं.

काळी_कसदार

सांगतो. समजा माती तपासली आणि तेल एक टक्का निघालं, म्हणजे किलोला दहा ग्रॅम. त्यात कार्बन साडेआठ ग्रॅम. दर १०० भाग कार्बनला १० भाग नत्र आणि १ भाग स्फुरद हे नेहमीचं गणित, म्हणजे किलोभर मातीला ०.८५ ग्रॅम नत्र. एक चौरस मीटर जागा, अर्धा फूट खोल, तिथे साधारण दोनशे किलो माती भरते. म्हणजे चौरस मीटरला १७० ग्रॅम नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतो, तेव्हा युरियाने द्यायचं तर जवळजवळ ३७० ग्रॅम. एवढा युरिया एकदम टाकलात तर गवतही जळेल आणि पहिल्या पावसात निम्मा वाहून जाईल. शेणखतात अर्धा टक्का नत्र धरला तर ३४ किलो, म्हणजे मोठी दोन-तीन घमेली. मी शेणखत निवडेन. ते नत्र हळूहळू सोडतं, माती भुसभुशीत करतं आणि स्वतःबरोबर जिवाणू आणतं. सुरुवातीला दोन घमेली मिसळायची, मग गवत पिवळं दिसेल तेव्हा मूठभर युरिया ओल असताना विस्कटायचा, पावसाच्या उघडिपीत.

हे सगळं तपासणीच्या आकड्यावर ठरतं. पाच-सहा ठिकाणची माती घ्या, वरचा अर्धा फूट वेगळा आणि त्याखालचा वेगळा. काचेच्या बरणीत भरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला टीपीएच (मातीतलं एकूण खनिज तेल), शिसं, जस्त, कॅडमियम आणि सामू एवढं करायला सांगा.

सई_सूक्ष्मजीव

लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत घरीही करता येईल असं काहीतरी. कागदी कपांत वेगवेगळ्या ठिकाणची माती भरा, एका कपात कुंडीतली चांगली माती. प्रत्येकात सारखेच मूग पेरा, सारखंच पाणी. आठवड्यात कळतं कुठली जागा किती खराब आहे. उगवलेले उपटून मुळंही बघा, तेलकट मातीत ती आखूड आणि तपकिरी होतात.

चाफा_भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी प्रगती सांगते.

मुगाचे कप मुलांकडून करून घेतले. भिंतीकडच्या मातीत जवळजवळ सगळे उगवले. मधल्या भागात उगवले पण मुळं सईने लिहिल्याप्रमाणेच, आखूड आणि टोकाला करपलेली. एका ठिकाणी मात्र एकही मूग वर आला नाही, आणि ते ठिकाण नेमकं तेच जिथे वॉचमन काकांनी पिट दाखवला. पाना दादा, तुमचा अंदाज खरा ठरला. फरशी उचलली तर खाली डेब्रिज, आणि पहार खुपसली की ती काळी तुळतुळीत होऊन वर येते.

दहाबाराचा_पाना

मग आधी पिट. बाकी सगळं नंतर. पावसात खालून पाणी चढतं आणि तेल त्याच्यावर तरंगून वर येतं, तुमचं गवत दर वर्षी नव्याने तेलात बुडेल. डेब्रिज काढून तळाचं ऑइल ड्रममध्ये घ्या. जळकं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत रिसायकलरलाच द्या आणि पावती घ्या. भंगारवाल्याला किंवा सेंट्रिंगवाल्याला देऊ नका, ते परत कुठल्यातरी जमिनीवरच जाईल. पिटाच्या भिंतींचं प्लॅस्टरही तेल प्यालेलं असतं, तेही खरवडा. माणसं उतरवण्याआधी खड्डा दिवसभर उघडा ठेवा, वाफ धरते. विडी-काडी जवळ नको.

काळी_कसदार

पाना दादांनी जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असायला हवं. तेलाचा उगम चालू असताना झाडं लावण्यात अर्थ नाही.

पिटाभोवतीची, जिथे मूग उगवलाच नाही ती माती गवताच्या आवाक्याबाहेरची आहे. तेवढी वेगळी काढा. ती कमी असेल तर ताडपत्रीवर ढीग करा, शेणखत आणि काथ्या मिसळा, वर छप्पर, पंधरवड्याने फावड्याने उलटा. वर्षभराने पुन्हा मूग पेरून बघा. फारच खराब असेल किंवा शिसं जास्त निघालं तर ती रीतसर घातक कचरा म्हणून तळोज्याच्या केंद्रात पाठवावी लागेल. पण ती थोडी असेल, सगळ्या बाराशे फुटांची नसेल, आणि हिशेबी, खर्चात फरक तिथेच पडतो.

बाकी जागेत शिसं मर्यादेत असेल तर वाफे, हरळी, वाळा, धैंचा. जास्त असेल तर साफ होण्याची वाट बघत मुलांना तिथे खेळवू नका. वरून फूट-दीड फूट स्वच्छ माती आणि त्यावर दाट गवत, म्हणजे धूळ उडणार नाही. लहान मुलांच्या पोटात शिसं जातं ते बहुतेक मातीच्या हातांनी आणि धुळीने.

हिशेबी

आकडे आणि पिटचं वाचून माझं मत बदललं. सगळी माती उचलली असती आणि पिट तसाच राहिला असता, तर नवी लाल मातीही दोन पावसाळ्यांत काळी झाली असती. ताई, कमिटीसाठी खर्चाचा तक्ता लागला तर मी करून देतो.

खाडीकाठ

चराच्या टोकाला तो काथ्याचा खड्डा नक्की करा. आमच्याकडून एवढीच विनंती.

चाफा_भांडुप

करणार, आणि पिट रिकामा झाल्याशिवाय एकही ठोंब लावणार नाही. हिशेबी, तक्ता नक्की हवाय.

एक शेवटचा प्रश्न, सोसायटीतल्या आजींचा आहे. हरळी एवढी माजणार असेल तर गणपतीत दूर्वा तिथल्याच खुडल्या तर चालतील का? आणि कापलेलं गवत कोपऱ्यावरच्या गोठ्यात देऊ का?

काळी_कसदार

गोठ्यात अजिबात देऊ नका. गवताच्या आत तेल फारसं शिरत नसलं तरी पात्यांवर तेलकट धूळ बसते, आणि शिसं-कॅडमियमसारखे धातू थोडे का होईना पानांत येतात, ते गाईच्या दुधापर्यंत जातात. कापलेलं गवत त्याच वाफ्यावर आच्छादन म्हणून अंथरा, भाजीच्या कंपोस्टमध्ये टाकू नका. त्या जागेत पालक, मेथी, टोमॅटो काहीही खायचं लावू नका, निदान दोन रिपोर्ट चांगले येईपर्यंत.

दूर्वा नैवेद्याच्या ताटाजवळ आणि मुलांच्या हातात येतात, म्हणून त्याही तिथल्या नकोत. आजींसाठी गच्चीवर चांगल्या मातीची एक कुंडी करा. आत्ता लावलीत तर गणपतीपर्यंत एकवीस दूर्वांच्या जुड्या सहज निघतील.